बिराजदार सरांचं कायम होणं

बिराजदार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या प्राचार्यांच्या टेबलाखाली होते. रुजू व्हायला आलेला माणूस, पांढऱ्या शर्टाची इस्त्री अजून मोडलेली नाही, आणि गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटीत बघतोय. प्राचार्य खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. मी मस्टरवर सही करायला आत गेले होते. काही पडलंय आणि ते शोधतायत असं वाटून मी खाली वाकले, तर टेबलाखालून आवाज आला, "कोळीण हाय मॅडम. पाठीवर पिल्लं घेऊन चाललीय. जरा पाय उचला." मी पाय उचलला. नव्या माणसानं पहिल्याच दिवशी प्राचार्यांना आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांना पाय उचलायला लावले, आणि त्यात आपण काही वेगळं केलं असं त्यांना वाटलंही नाही. कोळीण भिंतीपर्यंत सुखरूप पोचली, मग त्यांनी उठून हात झटकले आणि रुजू झाल्याचा अर्ज पुढं केला.

कॉलेजचं नाव सांगत नाही. लोहारा-मुरुम भागातलं आहे एवढं पुरे. यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत, आणि लग्नाकार्यात एका पंगतीला बसावं लागतं.

सर सास्तूरचे. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात ते वाढले. शेती थोडकी, ती भाऊ बघायचा. पीएच.डी. झाल्यावर नऊ वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर शिकवण्यात काढली होती. म्हणजे जितके तास तितकं मानधन, आणि उन्हाळ्यात हातावर हात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधलं अंतर मोटारसायकलवर. नऊ वर्षांत किती मुलाखती दिल्या हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या बायकोला प्रत्येक मुलाखत आठवत होती. शेवटी आमच्याकडं प्राणिशास्त्राची पूर्णवेळ जागा मिळाली, तीही दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. दोन वर्षं नीट गेली तर कायम. नाही गेली तर वय असं झालेलं, की परत कुणी मुलाखतीला बोलावलं नसतं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं हा गृहस्थ जे वागला ते किती मोठं होतं हे कळेल.

गळ्यात दोरी, दोरीला भिंग, भिंग शर्टाच्या खिशात. "आधी बघा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. भाकरीवरची बुरशी, मांजराचा कान, प्राचार्यांच्या फायलीतली कसर, काही सुटायचं नाही. स्टाफरूममध्ये डबा उघडला की आधी भिंग, मग शेंगाचटणी. आमच्या संग्रहालयातल्या बरण्या कित्येक वर्षं तशाच होत्या. लेबलं गळून पडलेली, साप कुठला न् गांडूळ कुठलं हे फक्त प्रयोगशाळेतल्या नागनाथमामांना ठाऊक. सरांनी एका दिवाळीच्या सुट्टीत मामांना सोबत घेऊन सगळ्या बरण्या धुतल्या, नमुने ओळखले, नवी लेबलं डकवली. मामा तेव्हापासून त्यांचे भक्त झाले, आणि मामांची भक्ती ही काय चीज आहे ते पुढं येईलच.

आता त्यांच्या मताबद्दल. सरांचं ठाम म्हणणं होतं की जीवसृष्टी आपोआप घडलेली नाही, तिच्यामागं कुणीतरी रचणारा आहे. प्राणिशास्त्राचा डॉक्टर आणि हे मत! मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मी डार्विनच्या बाजूची, आणि त्यात शंकेला जागा आहे असं मला वाटत नाही. पण गंमत बघा. माझं माहेर तुळजापूरचं. नवरात्रात मी अनवाणी देवीला जाते, अजूनही. एकदा सरांना सहकुटुंब माहेरी जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर आम्ही सगळे दर्शनाला निघालो, तर सर ओसरीवरच बसून राहिले. त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं की ते देवळात जात नाहीत, कधीच गेले नाहीत. आम्ही परत आलो तेव्हा ते भिंतीवरच्या पालीचे पंजे भिंगातून बघत होते. रचणारा कुणीतरी आहे असं मानणारा माणूस पालीपाशी, आणि उत्क्रांती शिकवणारी बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन रांगेत. माझ्या वडिलांनी हे बघून मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

त्यांना एकदा विचारलं होतं की देव मानत नाही, पोथी मानत नाही, मग हे खूळ आलं कुठून. ते म्हणाले, भिंगातून इतकी वर्षं बघतोय, बघता बघता मला कुणाचा तरी हात दिसतो. कुणाचा, तर ते माहीत नाही. मी म्हटलं, हा काही पुरावा नाही. ते म्हणाले, नाहीच. म्हणून तर मी तो शिकवत नाही.

आणि खरंच शिकवत नसत. त्यांचा एक नियम होता. वर्गाच्या उंबऱ्याच्या आत अभ्यासक्रम. कुणी पोरानं विचारलं की सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तर ते खडू ठेवायचे, चालत दारापर्यंत जायचे, उंबरा ओलांडून व्हरांड्यात उभे राहायचे आणि तिथून सांगायचे, की मला वाटतं हे कुणीतरी रचलंय, पण माझं मत परीक्षेला न्हाय. मग आत येऊन खडू उचलायचे आणि उत्क्रांती जिथं थांबली होती तिथून पुढं. पोरांना या येण्याजाण्याचं सुरुवातीला हसू यायचं. नंतर त्यांना त्याची सवय झाली.

हे सगळं मला नंतर कळलं. दोन वर्षांत मी त्यांचा एकही तास ऐकला नव्हता. शेजारच्या खोलीत शिकवत असूनही ऐकला नव्हता, आणि तरीही त्यांच्याविरुद्धच्या कागदावर सही केली. ते असं झालं.

प्रोबेशनचे शेवटचे चार महिने राहिले असताना कुणा पोरानं सरांचा व्हिडिओ काढला. अर्ध्या मिनिटाचा. त्यात सर म्हणतायत, "हे आपोआप झालेलं न्हाय, कुणीतरी रचलंय." मागं वर्गाचं दार दिसतंय, पण सर दाराच्या कुठल्या बाजूला आहेत ते कळत नाही. परीक्षेचं वाक्य येण्याआधीच व्हिडिओ संपतो. तो दोन दिवसांत धाराशिवपासून उमरग्यापर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर गेला. आमचे पदार्थविज्ञानाचे चव्हाण सर गावोगाव फिरून बुवाबाजीविरुद्ध प्रयोग करून दाखवणारे, अंगारा काढणाऱ्यांचे हात उघडे पाडणारे. त्यांनी तो बघितला आणि त्यांचं रक्त उकळलं. त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं की असा माणूस विज्ञान शाखेत कायम होता कामा नये. पत्राखाली आम्ही पाच जणांनी सह्या केल्या. माझी दुसरी.

संस्थेचे सचिव आबासाहेब यांनीही तो व्हिडिओ बघितला, आणि ते खूश झाले. त्यांनी सरांना वाड्यावर बोलावून घेतलं. चव्हाणांच्या पत्राची काळजी करू नका म्हणाले, ते केराच्या टोपलीत टाकतो. फक्त स्नेहसंमेलनात तुमचा सत्कार ठेवलाय, शाल-श्रीफळ घ्या, डार्विन कसा खोटा आहे यावर तासभर बोला, दोनतीन पेपरवाले बोलावतो, दुसऱ्या दिवशी कायमची ऑर्डर घेऊन जा. आता सांगा, नऊ वर्षं मोटारसायकलवर काढलेल्या माणसानं काय करावं? सर म्हणाले की डार्विन खोटा आहे असं मी कुठं म्हणालो. आणि संमेलनाचा हॉल उंबऱ्याच्या आतच येतो, तिथं माझं मत चालत नाही. शाल नको म्हणाले. वर त्यांनी आबासाहेबांच्या खिडकीतल्या गांधीलमाशीच्या पोळ्याबद्दल सूचना दिली, की काढू नका, बिचाऱ्या आता जायच्याच आहेत.

आबासाहेबांना आजवर कुणी शाल नको म्हटलं नव्हतं. त्यांनी चव्हाणांचं पत्र टोपलीतून काढलं, झटकलं आणि त्यावर विद्यापीठाची समिती मागवली. ज्या पत्रात सर अतिश्रद्ध आहेत अशी तक्रार होती, ते पत्र आता सर पुरेसे सश्रद्ध नाहीत म्हणून कामाला आलं. इकडून आम्ही, तिकडून ते, आणि मधे एक सरळ माणूस.

समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी मला सरांच्या तासाला बसून दोन ओळी लिहून द्यायला सांगितलं. मी आत बसले नाही, खिडकीपाशी उभी राहिले. तिसऱ्या वर्षाचा वर्ग, तीसेक मुलं, बहुतेक शेतकऱ्यांची. विषय नैसर्गिक निवड. सरांनी पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी विचारलं, हरभऱ्यावरच्या घाटेअळीला तुमच्या बापानं पहिल्या वर्षी किती फवारे मारले. एक, म्हणाली पोरं. आता? तीन, चार, तरी मरत नाही. सरांनी विचारलं, मग अळी औषध पचवायला शिकली का? अर्धा वर्ग हो म्हणाला. सर थांबले. इतके थांबले की मलाच खिडकीतून बोलावंसं वाटलं.

"शिकली न्हाय," ते म्हणाले. "अळी काय शाळंत जाती व्हय? जिला औषध लागलं ती मेली. हजारात एखादी अशी होती की तिला लागलंच न्हाय. तिचीच लेकरं उरली. तुमच्या बापानं फवारा मारून तिलाच निवडलं की."

वर्गात कुणीतरी "आयला" म्हणालं आणि सरांनी त्याला दटावलं नाही. मी एकवीस वर्षं उत्क्रांती शिकवत होते. जिराफाची मान आणि इंग्लंडातले पतंग. माझ्या वर्गात असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मला खिडकीपाशी लाज वाटली, स्पष्ट सांगते. मी सही केली होती ती एका अर्ध्या मिनिटाच्या चित्रावर, आणि "आधी बघा, मग बोला" हे वाक्य मी दोन वर्षं रोज जेवताना ऐकत होते.

मी सही मागं घ्यायला गेले. चव्हाण म्हणाले की मॅडम, तुम्हाला चांगला तास वाटला असेल, पण उद्या हाच माणूस वर्गात काय सांगेल याची हमी कोण देणार. त्यांचंही खोटं नव्हतं, आणि माझी सही तशीच राहिली. मग मी जे केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्खपणाचं काम. मी नागनाथमामांना बोलावून सांगितलं, की समितीनं पोरांना विचारलं तर सर त्यांचं मत कधी बोलत नाहीत असं पोरांनी म्हणावं. एवढंच. मामा म्हणाले, बिनघोर राहा. मामांनी माझं वाक्य घेतलं, त्यांना ते फिकं वाटलं, म्हणून त्यात त्यांनी आपल्या पदरचा मीठमसाला घातला आणि सगळ्या वर्गाकडून पाठ करून घेतलं.

समिती तिघांची होती. अध्यक्ष डॉ. इनामदार मॅडम, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, सरड्यांवर उभा जन्म घातलेल्या, पांढरा बॉब, पायात कॅनव्हासचे बूट. विद्यापीठात त्यांचं नाव निघालं की लोक घाबरून चहा सांडतात असं ऐकून होते. उरलेले दोघे त्यांच्या मागून चालत होते आणि बोलत नव्हते. प्राचार्यांच्या खोलीत एकेका पोराला बोलावणं सुरू झालं. आम्ही सह्या करणारे तक्रारदार म्हणून बाजूला बसलेलो.

पहिला पोरगा आला. सर त्यांचं मत वर्गात सांगतात का, असं विचारल्यावर छाती पुढं काढून म्हणाला, "आमचे सर डार्विनला बापासारखं मानतात." दुसरा आला. तोही तेच म्हणाला. तिसरी मुलगी तेच. पाचव्यापर्यंत इनामदार मॅडमांच्या ओठांचा कोपरा हलायला लागला. सातव्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हे पोपट कुणी पढवलेत. मामा दारात उभे होते, ते समाधानानं हसत होते.

आठवी मुरुमची सानिया शेख. ती उभी राहिली, माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि म्हणाली, "बोलतात की मॅडम. सर मत बोलतात. पण भाईर जाऊन." समितीला काहीच कळलं नाही. बाहेर म्हणजे कुठं, गावाबाहेर का, असं त्या मागच्या दोघांपैकी एकानं विचारलं.

तेवढ्यात बिराजदार सर आत आले. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेर बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना चिडलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. ते समितीला म्हणाले की माझी लेकरं आज खोटं बोलली आहेत. माझ्या भल्यासाठी कुणीतरी त्यांना शिकवलंय, नाव विचारू नका. मी डार्विनला बापासारखं मानत नाही. त्याचं म्हणणं शिकवतो, माझं म्हणणं वेगळं आहे. व्हिडिओतला आवाज माझाच. मी उठून म्हटलं की शिकवणारी मीच. सरांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला अजून टोचतं. नऊ वर्षांची वणवण, बायको, म्हातारी आई, सगळं त्या खोलीत पणाला लागलेलं, आणि हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत उभा होता. चव्हाण सरांनी मान खाली घातली. ती त्यांनी पुढं बराच वेळ वर केली नाही.

इनामदार मॅडम म्हणाल्या, चला, तास बघू.

विषय त्यांनीच दिला. डोळा. उत्क्रांतीवर शंका घेणारे सगळे आधी डोळ्यावर बोट ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं. तयारीला वेळ नाही. सरांनी मामांना चार बरण्या आणायला पाठवलं. उजेड-अंधार कळणारा ठिपका, मग खोलगट वाटी, मग वाटीचं तोंड आवळत जाणं, मग भिंग. प्रत्येक पायरीला प्रत्येक जिवाचा काय फायदा झाला, हे त्यांनी असं उलगडलं की मागच्या बाकावर बसलेले समितीतले ते दोघेही पुढं वाकले. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. चव्हाण सर माझ्या कानात म्हणाले, हा तर आपल्यापेक्षा चांगला डार्विनवाला आहे.

आणि तास संपायला पाच मिनिटं असताना सानियानं हात वर केला. मी मनात म्हटलं, पोरी, बस खाली. ती बसली नाही. "सर, तुमाला सोताला काय वाटतं?"

सरांना सहज म्हणता आलं असतं की नंतर सांगतो. दोन शब्द, आणि जन्माची नोकरी. त्यांनी खडू ठेवला. बाकांच्या मधून चालत दारापर्यंत गेले, उंबरा ओलांडला, व्हरांड्यात वळून उभे राहिले आणि म्हणाले, "मला वाटतं, हे कुणीतरी रचलंय. पण माझं मत परीक्षेला न्हाय." आत आले. खडू उचलला. फळ्यावर चौथा मुद्दा लिहिला.

त्या मागच्या दोघांना तेव्हा कुठं "भाईर" म्हणजे कुठं ते कळलं. इनामदार मॅडम मात्र घंटा होईपर्यंत हलल्या नाहीत. घंटा झाली तशा उठल्या, सरळ व्हरांड्यात गेल्या आणि म्हणाल्या, "बिराजदार, या आता बाहेर."

पुढं जो पाऊण तास झाला, तसा आमच्या कॉलेजनं पुन्हा कधी बघितला नाही. ऊन व्हरांड्यात आलेलं, प्राचार्यांनी मागवलेले पोहे गार होत चाललेले, आणि हे दोघं समोरासमोर. पोरं खिडक्यांना लटकलेली. मॅडमांनी सरांना सोललं, दुसरा शब्द नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यातल्या नसा पुढून का जातात, म्हणाल्या, त्यामुळं आपल्याला एक आंधळा ठिपका आहे, ऑक्टोपसला तो नाही. तुमच्या रचणाऱ्याला ऑक्टोपस जास्त लाडका होता का? सर म्हणाले, जुन्या घरात वायर कधी कधी पुढूनच जाते, तरी घर कुणीतरी बांधलेलंच असतं. मॅडम म्हणाल्या, असं घर आखून बांधलेलं नसतं, गरजेनुसार ठिगळं लावत उभं राहिलेलं असतं, आणि मी तेच तर म्हणतेय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडमांनी दाखवून दिलं की ठिपक्यापासून भिंगापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या शंखशिंपल्यांच्या एकाच गोतात आजही जिवंत सापडतात. सर म्हणाले की हे सगळं एकाच गोतात आहे हे मला माहीत नव्हतं, आणि तळहातावर पेनानं लिहून घेतलं. पोरांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

शेवटी मॅडम थोड्या गरम झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढा हुशार रचणारा होता, तर त्यानं इथलं सास्तूर का पाडलं हो?"

खिडकीतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना सरांचं गाव ठाऊक होतं. सरांची थोरली बहीण आणि आजोबा भूकंपाच्या त्या पहाटे गेले होते. सर तेव्हा लहान होते, आणि हे ते स्वतः कधी कुणाला सांगत नसत.

"म्हायत न्हाय मॅडम," सर म्हणाले. "म्या तिथलाच हाय. लई वर्षं विचार करायलोय. उत्तर न्हाय."

मॅडम म्हणाल्या की मला माफ करा. सर म्हणाले, माफी कशाला, प्रश्न बरोबर आहे. हाच माझ्या मतातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो सोडून बोलणारा खोटं बोलतो. मग त्यांनीच मॅडमांना पोह्यांची आठवण करून दिली.

आठ दिवसांनी अहवाल आला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये उभं राहून वाचला. सुरुवातीचं पानभर नियमांचं होतं. शेवट असा होता: यांचं मत मला अमान्य आहे. यांचा तास मला मान्य आहे. नोकरी तासाची आहे. कायम करावं. खाली तिघांच्या सह्या.

पहिली टाळी चव्हाण सरांनी वाजवली. मग ते उठले, सरांपाशी गेले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की माझी तक्रार चुकली, आपलं भांडण मात्र चालू राहील. सर म्हणाले, चालूच राहिलं पाहिजे, नाहीतर डबा खाताना बोलायचं काय? आबासाहेबांनी ऑर्डरवर सही करायला तीन आठवडे लावले, पण विद्यापीठाची समिती त्यांनीच मागवलेली होती, पळायला वाट नव्हती. शेवटी सही झाली. त्या दिवशी सास्तूरहून बारापंधरा मोटारसायकली आल्या, भाऊ पुढं, मागं हलगीवाला. सर नको नको म्हणत राहिले, पण शाल नाकारता येते, हलगी नाकारता येत नाही. मामा कॉलेजच्या फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत नाचत आले. सरांच्या बायकोनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, मॅडम, आता मुलाखतीची साडी बोहारणीला देते. प्रत्येक मुलाखतीला ती सोबत जायची, तीच एक साडी नेसून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. त्या दिवशी मी सरांसाठी देवीला बोललेला नवस फेडायला निघाले तेव्हा सरांनाही विचारलं, येता का म्हणून. ते म्हणाले, तुम्ही जाऊन या.

हे होऊन आता काही वर्षं झाली. सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली स्नेहल माने नावाची तरुण प्राध्यापिका आली. हुशार, फटकळ, पक्की नास्तिक. तीही प्रोबेशनवर. माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात तिच्याविरुद्ध कुणीतरी आबासाहेबांकडं गेलं, की ही बाई वर्गात देवाची टिंगल करते. आबासाहेब म्हातारे झालेत, पण शाल नाकारलेली विसरले नाहीत. त्यांनी हुशारीनं काम बिराजदारांवरच टाकलं: तुम्ही विभागप्रमुख, तुम्ही रचणाऱ्याला मानणारे, तुम्हीच तिचा तास बघून अहवाल द्या.

मी मस्टरवर शेवटची सही करून निघाले होते. माने मॅडमांच्या वर्गावरून जाताना आत बघितलं. सर शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मधे बसून वहीत टिपणं घेत होते. ती फळ्यापाशी उभी राहून सांगत होती की यामागं कुणी रचणारा मानायची गरजच उरत नाही, आणि का उरत नाही ते एकेक पायरी दाखवत होती. सरांनी पोरासारखा हात वर करून शंका विचारली. तिनं उत्तर दिलं. सरांनी मान डोलावून लिहून घेतलं.

घंटा झाली तेव्हा आबासाहेबांची गाडी पोर्चमध्ये उभी होती. ते काच खाली करून वाटच बघत होते. सर पायऱ्या उतरून आले, तशी त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काय बिराजदार, तुमच्या त्या रचणाऱ्याला नावं ठेवली का न्हाय बाईनं?"

"ठेवली की," सर म्हणाले. "लई झकास तास झाला."

त्यांनी अहवालाचा कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला, 'कायम करावं' असं लिहिलं, आणि सही करायला लागले. पेन चालेना, म्हणून त्यांनी खिडकीतून हात घालून आबासाहेबांचंच मागून घेतलं.